सामायिक कामाचे सामायिक पत्र

कामगार संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय जितका यंत्राचा आहे, तितकाच तो एकत्र काम करणाऱ्या माणसांचा आहे. एका गावात न राहणारी, एका धन्याची चाकरी न करणारी, पुष्कळदा एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे मिळून एखादी वस्तू घडवीत असतील, तर त्यांना बांधून ठेवणारे सूत्र कोणते? माझे उत्तर थोडक्यात असे की, अशा मंडळींना त्यांचे स्वतःचे एक पत्र असले पाहिजे. ते सर्वांनी लिहिलेले असावे आणि कोणा एकाच्या मालकीचे नसावे. पत्र म्हणजे येथे चिठ्ठी नव्हे. वार्तापत्र, नियतकालिक या अर्थाने मी तो शब्द वापरीत आहे. ते कागदावर छापा किंवा संगणकाच्या पडद्यावर दाखवा, त्याने मुद्दा बदलत नाही. असे पत्र का लागते, ते नसले म्हणजे काय बिघडते आणि ते काढावयाचे झाल्यास कसे काढावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ती वस्तू कोणती ते पाहू. आज जिला मुक्त आज्ञावली किंवा इंग्रजी शब्दच वापरून ‘ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ म्हणतात, ती समजावयाला आपल्या कोल्हापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. उद्यमनगरात ज्याने फौंड्री पाहिली आहे त्याला पॅटर्न आणि कास्टिंग यांतला फरक ठाऊक असतो. पॅटर्न म्हणजे मूळ नमुना. त्याचा ठसा वाळूत घेऊन रस ओतला की कास्टिंग तयार होते. गिऱ्हाइकाच्या हाती पडते ते कास्टिंग. ते त्याला वापरता येते. परंतु त्यात फेरफार करून तसेच दुसरे काढावयाचे म्हटले तर पॅटर्न हवा, आणि तो पॅटर्नवाल्याच्या कपाटात असतो. संगणकाचेही असेच आहे. माणूस जी आज्ञावली लिहितो ती माणसाला वाचता येते, तो पॅटर्न. तीवरून यंत्रासाठी जी बनते ती केवळ यंत्राला कळते, ते कास्टिंग. बहुतेक कंपन्या कास्टिंग विकतात आणि पॅटर्न कुलपात ठेवतात. मुक्त आज्ञावलीत कास्टिंगबरोबर पॅटर्नही द्यावयाचा असतो. तो कोणीही वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा.

या चळवळीची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन आज्ञावलीकाराने २७ सप्टेंबर १९८३ रोजी केली. ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मुक्त संगणक-व्यवस्था उभारण्याचा संकल्प त्याने जाहीर केला. १९८९ मध्ये त्याने एक परवाना तयार केला. त्याची अट मोठी मार्मिक आहे: हा पॅटर्न खुशाल वापरा, बदला, विका, पण बदललेली वस्तू दुसऱ्याला दिलीत तर बदललेला पॅटर्नही त्याच अटीवर दिला पाहिजे. म्हणजे सामायिक विहिरीवर कोणी नवी मोट बसविली तरी विहीर सामायिकच राहावी. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर संगणक-व्यवस्थेचा एक गाभा लिहीत आहोत, लोकांना त्यात काय हवे ते कळवावे, अशी साधी जाहीर सूचना दिली. तोच ‘लिनक्स’. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तो आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातला एकूण एक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्याच्यावर चालत आला आहे. एवढे अवाढव्य काम एका साध्या सूचनेपासून सुरू झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे आज्ञावली आणि जाहीर लेखन ही दोन्ही पहिल्या दिवसापासून हातात हात घालून चालली.

हे काम करते कोण? काही जण कंपन्यांचे पगारी नोकर असतात. पुष्कळ जण आपला रोजचा धंदा सांभाळून, संध्याकाळचे दोन तास देणारे असतात. आणि सगळेच आज्ञावली लिहिणारे नसतात. कोणी दोष शोधून कळवितो, कोणी वापरण्याची माहिती लिहितो, कोणी अक्षरे घडवितो, कोणी अनुवाद करतो. मराठीपुरते बोलायचे तर संगणकावर आपली भाषा धड दिसावी म्हणून या शेवटच्या दोन प्रकारच्या माणसांनी फार कष्ट घेतले आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ वंदन करावयाचे असते आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाची वर्दी द्यावयाची असते. हा जो अर्धा र आहे, तो हिंदीच्या लेखनात लागत नाही. म्हणून ज्याने केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून अक्षरसंच केला, त्याच्या संगणकावर आचार्य आणि आचारी एका पंगतीला बसण्याची भीती. तीच गोष्ट मराठी वळणाच्या ल आणि श या अक्षरांची. ते वळण २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरविले गेले. पण ते पडद्यावर उमटण्यासाठी कोणाला तरी अक्षरसंचाच्या आत शिरून काम करावे लागते. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्यावर दिलेला ‘लोहित’ हा अक्षरसंच किंवा मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्ता’ हा अक्षरसंच आज कोणालाही फुकट वापरता येतो तो अशा श्रमांमुळे.

आता मुद्द्याकडे येतो. पॅटर्न उघडा ठेवला म्हणजे सगळे उघडे झाले, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. पॅटर्न हातात घेतल्यावर वस्तूचा आकार कळतो. तो आकार तसाच का ठेवला, ते कळत नाही. फौंड्रीतला जुना मोल्डर निवृत्त होतो तेव्हा पॅटर्न तिथेच असतो, वाळू तिथेच असते, भट्टी तिथेच असते. तरी पुढचे काही महिने रिजेक्शन वाढते. कारण या कोपऱ्यात हवा अडकते म्हणून येथे सळई खुपसावयाची, ही गोष्ट त्याच्या डोक्यात होती आणि ती त्याच्याबरोबर घरी गेली. आज्ञावलीत हेच घडते. ‘सेव्ह’ या आज्ञेला मराठीत ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, यावर चार अनुवादक महिनाभर वाद घालतात आणि एक शब्द ठरवितात. दोन वर्षांनी पाचवा येतो, त्याला दुसरा शब्द बरा वाटतो, तो बदलून टाकतो. पहिल्या चौघांची कारणे कोठेही लिहिलेली नसतात. चौघे दुखावतात, त्यातले दोघे काम सोडतात, आणि वापरणाऱ्याला एका ठिकाणी ‘जतन करा’, दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’ असा खिचडी कारभार दिसतो.

यावर जाणकार म्हणतील की, आज्ञावलीतल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. अमक्याने अमक्या दिवशी अमकी ओळ बदलली, हे शोधता येते. खरे आहे. परंतु ती नोंद म्हणजे हजेरीपट झाला. हजेरीपटावरून कोण कामावर होता ते कळते. त्या दिवशी खात्यात काय घडले, संप का झाला, तडजोड कशावर झाली, हे कळत नाही. सभेत ते कळते. पण सभेला जो हजर नव्हता त्याचे काय? आणि जो अजून संघटनेत आलेलाच नाही, त्याचे काय? त्याच्यासाठीच सामायिक पत्र लागते. हजेरीपट आतल्यांसाठी असतो, पत्र हे आतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी एकाच वेळी असते. आतल्याला ते आठवण देते, बाहेरच्याला ते दार दाखविते.

हा विचार काही परदेशातून आणावयाचा नाही. विखुरलेल्या, बिनपगारी, साध्या माणसांनी मिळून एक काम उभे करावे आणि त्याचे पत्र चालवावे, याचा महाराष्ट्रातला वस्तुपाठ दीडशे वर्षांचा आहे. त्या काळी संगणक नव्हता. पण अडचणी याच होत्या, म्हणून तो इतिहास नीट पाहिला पाहिजे.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाचे सभासद शेतकरी, माळी, कंत्राटदार, कारकून, कारागीर असे नाना तऱ्हेचे होते. पुण्यात, मुंबईत आणि खेड्यापाड्यांत पसरलेले होते. त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्यांच्या कामाला जागा मिळणे कठीण होते, आणि मिळाली तर बहुधा टिंगलीसाठी. तेव्हा भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. वेळ कशी होती पाहा. १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ. त्याच १८७७ साली सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. म्हणजे पत्र निघाले ते स्वस्थ बसलेल्या लोकांचे नव्हते, कामात गुंतलेल्या लोकांचे होते. ‘आधी काम तडीस जाऊ द्या, मग लिहू’ असे त्यांनी म्हटले नाही. त्या कामाविषयी लिहिणे हाच कामाचा एक भाग आहे, हे भालेकरांना पक्के उमगले होते.

पत्र चालविणे भालेकरांना आर्थिकदृष्ट्या झेपेना. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आपल्याकडे घेतले. लोखंडे काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीतला धूर आणि घाम त्यांनी जवळून पाहिला होता. पत्र त्यांच्या हाती आले आणि गिरणी कामगाराचे गाऱ्हाणे छापील अक्षरांत आले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या पाच होत्या: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. केवळ पत्रामुळे सुटी मिळाली असे मी म्हणणार नाही. सभा झाल्या, सह्या झाल्या, माणसे हिंडली. पण निरनिराळ्या गिरण्यांतल्या माणसाला, आपले दुखणे ते शेजारच्या गिरणीतल्याचेही दुखणे, हे कळण्याचे एक साधन ‘दीनबंधु’ होते.

त्याच पत्राच्या इतिहासात एक कटू प्रकरणही आहे, आणि मला ते यशाहून अधिक शिकविणारे वाटते. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापली गेली, पुढची छापावयास लोखंड्यांनी नकार दिला. मजकूर फार जहाल होता. जोतीरावांना हे झोंबले, आणि संपादकाच्या भित्रेपणाविषयीचा आपला राग त्यांनी लिहूनही ठेवला. दोघेही थोर होते, दोघेही एकाच समाजाचे होते. संपादकाच्या बाजूने पाहिले तर पत्र बंद पडले असते तर सगळ्यांचेच तोंड बंद झाले असते. लेखकाच्या बाजूने पाहिले तर ज्या चळवळीचा मी जनक, तिच्याच पत्रात मला जागा नाही, हे कसे सोसावे? यात कोण बरोबर, हा निवाडा मी करीत नाही. मी एवढेच पाहतो की, कोणता मजकूर घ्यावयाचा आणि कोणता नाही, नकार कोणी द्यावयाचा, नकारावर दाद कोठे मागावयाची, याचा नियम आधी ठरलेला नसला म्हणजे प्रत्येक मतभेद हा दोन माणसांमधला झगडा होऊन बसतो. मुक्त आज्ञावलीचे पत्र काढणाऱ्यांनी पहिला अंक काढण्यापूर्वी हे प्रकरण जरूर डोळ्यांखालून घालावे.

‘दीनबंधु’चे आणखी एक वैशिष्ट्य आहे. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने वारले. पत्र त्यांच्याबरोबर गेले नाही. वासुदेवराव बिर्जे यांनी ते चालविले. पुढे तेही गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकपद सांभाळले आणि १९१२ पर्यंत पत्र काढले. भालेकर, लोखंडे, वासुदेवराव, तानुबाई असे चार हात बदलले. इकडे भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केला आणि १९६७ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत जवळजवळ सत्तावन्न वर्षे तो चालविला. शहराची सोय नसताना खेड्यातून पत्र चालते, हे त्यांनी सिद्ध केले. आमच्या करवीर संस्थानात १९११ मध्ये सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. ज्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी ही शाहूपुरी वसविली, त्यांनीच १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपयांची मदत केली. पेठ वसवावी तशी पत्रेही वसवावी लागतात, हे त्या राजाला कळत होते. परंतु त्याच वर्षी आंबेडकर उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी विलायतेस गेले आणि ‘मूकनायक’ पुढे फार काळ टिकला नाही. मुख्य हात दूर गेला आणि भार उचलणारी फळी पुरेशी तयार नव्हती. सत्तावन्न वर्षे एका माणसाने पत्र चालविणे हा पराक्रम आहे. परंतु पराक्रमावर संस्था चालवू नये. चार हातांतून गेलेला ‘दीनबंधु’ हाच सामान्य माणसांनी गिरविण्याचा कित्ता.

आता पुन्हा आज्ञावलीकडे वळू. पत्राची मालकी कोणाची, हा प्रश्न तिथेही कसा नडतो, त्याचे एक उदाहरण देतो. पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे अशा कार्यालयीन कामासाठी ‘ओपनऑफिस’ नावाची एक मुक्त आज्ञावली होती. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी तिची मुख्य आश्रयदाती होती आणि जगभरचे स्वयंसेवक तिच्यावर काम करीत. २०१० च्या आरंभी ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. स्वयंसेवकांना पुढची चिंता वाटू लागली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यातल्या अनेकांनी स्वतःची स्वतंत्र संस्था उभारली. पॅटर्न उघडा होता, तेव्हा तो घेऊन बाहेर पडता आले. पण नाव? ‘ओपनऑफिस’ हे नाव कंपनीचे होते, ते त्यांना नेता आले नाही. म्हणून ‘लिब्रेऑफिस’ हे नवे नाव घ्यावे लागले. वर्षानुवर्षे घाम गाळून ज्या नावाला लौकिक मिळवून दिला, ते नाव घाम गाळणाऱ्यांचे नव्हते. आज लिब्रेऑफिस उत्तम चालले आहे, मराठीतही ते वापरता येते. पण धडा स्वच्छ आहे. कामाचे साधन उघडे असले तरी कामाचे नाव, पत्ता आणि पत्र एका धन्याच्या हाती असेल, तर कामकरी मंडळी अर्धीच मोकळी असतात.

तेव्हा असे पत्र काढावयाचे झाल्यास काय करावे? मला सुचतात त्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, पत्र कोणाचे ते ठरवा आणि लिहून ठेवा. पत्राचे नाव, त्याची किल्ली आणि त्याचा खर्चाचा हिशेब किमान तिघांच्या हाती असावा. पावतीपुस्तक एकाकडे आणि पेटी दुसऱ्याकडे, हा संघटनेचा जुना नियम संशयातून आलेला नाही. तो माणसाच्या मरणाच्या, आजारपणाच्या आणि रुसव्याच्या जाणिवेतून आलेला आहे.

दुसरी गोष्ट, मजकुराचा नियम करा आणि तो आखूड ठेवा. कामाशी संबंध असला की मजकूर घ्यावयाचा. व्यक्तीची निंदा घ्यावयाची नाही. नकार द्यावयाचा तर कारणासह लेखी द्यावयाचा. नकार मान्य नसेल तर दुसऱ्या दोन संपादकांकडे दाद मागता यावी. एवढ्या चार ओळी आधी असल्या तर ‘असूडा’सारखे प्रकरण चिघळत नाही.

तिसरी गोष्ट, दोष छापा. ‘डेबियन’ नावाचा मुक्त आज्ञावल्यांचा मोठा संच इयान मर्डॉक याने १९९३ मध्ये सुरू केला. त्याच्या कार्यकर्त्यांनी १९९७ मध्ये समाजाशी एक जाहीर करार केला. त्यात एक वचन असे आहे की, आम्ही अडचणी लपविणार नाही. दोषांची वही सर्वांसाठी उघडी राहील. आणि १९९९ पासून त्यांनी आपले साप्ताहिक वार्तापत्रही सुरू केले. कारखान्यात अपघात दडविला की पुढचा अपघात ठरलेला असतो, हे कामगारांना सांगावयास नको. अपवाद एकच. ज्या दोषातून चोर घरात शिरू शकेल, तो दुरुस्त होईपर्यंत जाहीर करू नये. दुरुस्त झाल्यावर मात्र अवश्य सांगावा.

चौथी गोष्ट, न लिहिणाऱ्याचे लिहा. ज्याला लेखणी चालविता येते तोच पत्रात सारखा दिसतो आणि ज्याने खरे काम केले तो कोपऱ्यात राहतो, हा सर्व चळवळींतला रोग आहे. अक्षराचा एक काना जागेवर बसविण्यासाठी पंधरा दिवस खपलेला माणूस म्हणेल, ‘मला काय लिहिता येतेय!’ संपादकाने त्याच्याजवळ बसावे, चार प्रश्न विचारावे, उत्तरे उतरून घ्यावी, त्याला वाचून दाखवावी आणि त्याच्या नावाने छापावी. द्वारसभेत जो कधी बोलत नाही, त्यालाच खात्यातली खरी गोष्ट ठाऊक असते. अशा माणसाच्या तोंडून एकदा ती बाहेर काढली की पुढच्या वेळी तो आपण होऊन येतो.

पाचवी गोष्ट, झेपेल तेवढेच वचन द्या. पहिल्या उत्साहात दर आठवड्याचा बेत करतात आणि तिसऱ्या महिन्यात दम लागतो. महिन्यातून एक पान काढा, पण ते ठरल्या तारखेला काढा. आणि दर सहा महिन्यांनी संपादकाने आपल्या शेजारी एक नवा माणूस बसवावा, आपण दूर होऊन त्याच्या हातून एक अंक काढवून घ्यावा. वारस मेल्यावर शोधावयाचा नसतो.

सहावी गोष्ट, लोकांच्या भाषेत लिहा. जगभरचे काम इंग्रजीत चालते, ते चालू द्या. पण मराठीसाठी केलेले काम मराठीत सांगितले नाही तर ज्याच्यासाठी ते केले त्याला त्याची वार्ताच लागत नाही. शाळेतल्या गुरुजींना, वाचनालयाच्या ग्रंथपालांना, पतसंस्थेच्या कारकुनाला कळेल असे लिहावे. त्यांच्यातूनच पुढचा दोष कळविणारा आणि पुढचा अनुवाद करणारा निघणार आहे.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. एक असा की, काम करणाऱ्याने काम करावे, लिहीत कसले बसता? लोखंड्यांनाही कोणी असे म्हटले असेल. पण जे काम सांगितले जात नाही, ते दुसरा कोणी तरी आपल्या नावावर सांगतो. आणि जो सांगतो त्याच्याच म्हणण्याप्रमाणे पुढचे काम वळते. मोठ्या कंपनीजवळ जाहिरातीचे खाते असते. संध्याकाळचे दोन तास देणाऱ्याजवळ फक्त हे एक पान असते. दुसरा आक्षेप असा की, घरची भांडणे चव्हाट्यावर का आणावी? माझा अनुभव असा आहे की, भांडण लपविल्याने मिटत नाही. ते चहाच्या गाड्यावर जाते आणि तिथे त्याला नवे हातपाय फुटतात. दोन्ही बाजू शांतपणे एका पानावर शेजारी शेजारी छापल्या, तर निम्म्या वाचकांना तरी कळते की दोघांच्या म्हणण्यात अर्थ आहे. खाजगी गोष्टी अर्थातच बाहेर आणू नयेत. मतभेद ही खाजगी गोष्ट नव्हे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पत्र म्हणजे काम नव्हे. पत्र सुंदर आणि काम शून्य, अशाही संस्था आपण पाहतो. आठवड्यातल्या दहा तासांपैकी एक तास पत्राला द्यावा. नऊ तास कामाला द्यावेत. पण तो एक तास वाचविणाऱ्यांचे पुढे नऊही तास वाया जातात, हेही तितकेच खरे.

आपल्या जिल्ह्यात अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत, उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत यंत्र जाणणारे हात आहेत, मराठी नीट लिहू शकणारे शिक्षक गावोगाव आहेत. मुक्त आज्ञावलीच्या मराठी कामाला या तिन्ही प्रकारच्या माणसांची गरज आहे. ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही त्याने असे समजू नये की हे आपले क्षेत्र नव्हे. चुकीचा शब्द दिसला तर कळवा. न उमटणारे अक्षर दिसले तर कळवा. आणि अशी दहा माणसे एकत्र आली, तर त्यांनी पहिल्याच महिन्यात एक पान काढावे, त्यावर आपण काय करतो, काय अडले आहे आणि कोणाची मदत हवी आहे एवढे तीन परिच्छेद लिहावेत आणि खाली दहाही जणांची नावे घालावीत. दुसरे पान कोणी लिहावयाचे, ते त्याच बैठकीत ठरवावे.